जपानी किल्ल्याचं घर बांधताना: मनोरा बघायला, वाडा राहायला

प्रश्न असा आहे: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकांनी) बांधकाम करायच्या संगणकीय खेळात, एका सर्व्हायव्हल सर्व्हरवर, म्हणजे जिथे सामान स्वतः गोळा करून टिकून राहायचं असतं तिथे, ६० बाय ६० ब्लॉकची जागा मिळाली आहे. तिथे जपानी किल्ल्याच्या धर्तीचं राहतं घर बांधायचंय. तीन छपरांचा मनोरा बांधून झाला, पण तो एकावर एक ठेवलेल्या जेवणाच्या डब्यांसारखा दिसतो आणि आत गेलं की तिथे थांबावंसं वाटत नाही. आता काय करावं?

या दोन तक्रारी दिसायला वेगळ्या आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे. तुम्ही मनोऱ्यालाच घर धरलंत. सहा वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. जपानातल्या हिमेजीच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा मोजमापं घेऊन एकास एक बांधला. खेळातला एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, आणि हिमेजीचा मनोरा दगडी चौथऱ्यासकट सुमारे ४६ मीटर उंच, म्हणजे ४६ ब्लॉक. चार महिने लागले. राहायला गेल्यावर पंधरा दिवसांत लक्षात आलं की माझा पलंग, भट्टी आणि पेट्या सगळं तळमजल्याच्या एकाच कोपऱ्यात जमलंय. वरचे पाच मजले रिकामे होते आणि रात्री तिथे दिवे लावत फिरण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. बाहेरून बघायला येणारे खूश होते, मला मात्र तिथे घरपण कधी आलं नाही.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की खुद्द हिमेजीचे सरदारसुद्धा मनोऱ्यात राहत नव्हते. मनोऱ्याला जपानीत तेन्शु म्हणतात. तो टेहळणीचा, लांबून दिसण्याचा, शस्त्रं आणि सामान साठवण्याचा आणि अगदीच वेळ आली तर शेवटची झुंज द्यायचा. राहणं, कचेरी, पाहुण्यांच्या भेटी हे सगळं खाली गोतेनमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत वाड्यात. ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने १५७९ च्या सुमारास आझुचीच्या मनोऱ्यातच मुक्काम केला होता, पण तो अपवाद. क्योतोच्या निजो किल्ल्याचा मनोरा १७५० मध्ये वीज पडून जळाला आणि पुन्हा बांधलाच नाही. एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा मनोरा १६५७ च्या आगीत गेला, तोही परत उभा राहिला नाही, आणि तरी तिथूनच आणखी दोनशे वर्षं राज्यकारभार चालला. मनोरा गेला तरी किल्ला चालतो. वाड्यावाचून चालत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: तुमचा मनोरा राहू द्या, पण त्यातून पलंग बाहेर काढा. समोर एक बैठा, पसरलेला वाडा बांधा आणि त्या वाड्याच्या ओसरीतून मनोरा दिसेल असं सगळं मांडा. पेट्या मात्र मनोऱ्यातच ठेवा, साठवणीची जागा तीच. आता तपशिलात जाऊ.

सगळ्यात आधी दगडी चौथरा, कारण डब्यांची रास दिसण्याचं पहिलं कारण तिथे आहे. तुमचा मनोरा बहुधा सपाट जमिनीवर किंवा दोन-तीन ब्लॉकच्या जोत्यावर उभा असणार. हिमेजीत दगडाचा भाग सुमारे १५ मीटर आणि वरचं लाकडी बांधकाम सुमारे साडेएकतीस, म्हणजे एकूण उंचीचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता दगड आहे. हा हिस्सा नसला तर डोळ्याला मनोरा जमिनीतून उगवल्यासारखा वाटत नाही, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा वाटतो.

या दगडी भिंतीला इशिगाकी म्हणतात, आणि तिचा उतार सरळ नसतो. खाली पसरट आणि वर जाताना जवळजवळ उभा, उघडलेल्या पंख्याच्या कडेसारखा. ब्लॉकांत हा बाक आणायचा सोपा हिशोब सांगते. समजा माथ्यावर २१ बाय १७ चा चौथरा हवा आहे आणि उंची ९ ब्लॉक. तळाशी २९ बाय २५ धरा. पहिला थर लावा आणि सगळीकडून एक ब्लॉक आत या. दुसरा एकच थर, पुन्हा एक आत. मग दोन थर, एक आत. पुन्हा दोन थर, एक आत. उरलेले तीन थर सरळ उभे. झाले नऊ थर आणि चार पावलं आत. लांबून पाहिलं की पायऱ्या दिसत नाहीत, बाक दिसतो. पायऱ्या फारच टोचत असतील तर जिथे आत आलात तिथे मधूनमधून अँडेसाइट या करड्या दगडाचा स्टेअर, म्हणजे पायरीच्या आकाराचा ब्लॉक, उलटा-सुलटा बसवा, पण सलग रांगेत नको.

दगड मिसळताना बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक लावू नका. खऱ्या भिंतीत दगड वेगवेगळ्या आकारांचे असतात, म्हणून एकाच प्रकारचे दोन-तीन ब्लॉक शेजारी शेजारी ठेवून त्यांचा एक मोठा दगड झाला असं समजायचं. मी दहात चार साधे स्टोन, तीन अँडेसाइट, दोन कॉबलस्टोन आणि एक टफ असं प्रमाण ठेवते. शेवाळलेला कॉबलस्टोन फक्त पाण्यालगतच्या खालच्या दोन थरांत. तो सगळीकडे टाकला की किल्ला उजाड वाटतो, आणि तुम्हाला तर तिथे राहायचंय.

कोपऱ्यावर मात्र घाई करू नका. खऱ्या किल्ल्यात कोपऱ्याचे दगड लांबट, घडीव असतात आणि एका थरात लांब बाजू एका भिंतीकडे तर पुढच्या थरात दुसऱ्या भिंतीकडे, असे एकमेकांत गुंफलेले असतात. याला सांगी-झुमी म्हणतात. एप्रिल २०१६ च्या भूकंपात कुमामोतो किल्ल्याच्या इइदामारू बुरुजाखालची भिंत ढासळली, तेव्हा तो बुरूज कोपऱ्याच्या अशा एकाच दगडी रांगेवर तोललेला राहिला. त्याचं छायाचित्र जगभर पोहोचलं. ते पाहिल्यापासून मी कोपरा कधीच घाईत उरकत नाही. खेळात हे करायचं तर पॉलिश्ड अँडेसाइट किंवा स्टोन ब्रिक घ्या. एका थरात कोपऱ्यापासून पूर्वेच्या भिंतीवर तीन आणि उत्तरेच्या भिंतीवर एक, वरच्या थरात याच्या उलट. एवढ्यानेच भिंतीला कणा येतो.

चौथरा झाला की मनोऱ्याची भिंत त्याच्या कडेपासून फार आत घेऊ नका. खऱ्या किल्ल्यांत ती जवळजवळ कडेवरच बसते, आणि काही ठिकाणी तर कोपऱ्यावर थोडी बाहेर झुकते, म्हणजे खाली चढणाऱ्यावर फटीतून दगड टाकता येतात. २१ बाय १७ च्या चौथऱ्यावर पहिला मजला १९ बाय १५, दुसरा १५ बाय ११ आणि तिसरा ११ बाय ७. सगळे आकडे विषम आहेत ते मुद्दाम. विषम रुंदीला मधला ब्लॉक मिळतो, आणि आढं, दार, त्रिकोणी कमान सगळं त्या मधल्या ब्लॉकवर येतं. सम रुंदी धरलेला मनोरा मी दोनदा पूर्ण मोडलाय, कारण शेवटी आढ्याशी गाठ पडते आणि तिथे काही जुळत नाही.

आता छप्पर. डब्यांची रास दिसण्याचं दुसरं आणि मोठं कारण हेच. बहुतेक जण स्टेअर ब्लॉक एकावर एक लावत ४५ अंशांचा सरळ पाखा करतात आणि तो भिंतीच्या बाहेर एकच ब्लॉक काढतात. जपानी छपराचा पाखा आढ्यापाशी चढा असतो आणि वळचणीकडे येताना सपाट होत जातो, ओल्या दोरीला मध्ये झोल पडावा तसा. आणि वळचण भिंतीपासून बरीच पुढे येते, कारण तिकडच्या पावसापासून मातीच्या गिलाव्याची भिंत वाचवायची असते. कोकणातल्या घराची पाखी खाली का ओढलेली असतात हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दोन मजल्यांमधल्या छपरासाठी तुमच्याकडे चार ब्लॉकची रुंदी आहे. दोन ब्लॉक वरचा मजला आत घेतल्यामुळे मिळालेले आणि दोन वळचण बाहेर काढल्यामुळे. बाहेरून आत येताना पहिल्या ब्लॉकच्या खालच्या अर्ध्यात स्लॅब (अर्ध्या उंचीचा ब्लॉक), दुसऱ्याच्या वरच्या अर्ध्यात स्लॅब, मग एक स्टेअर, मग पुन्हा एक स्टेअर. चार पावलांत तीन ब्लॉक चढण, आणि सुरुवात सपाट. सगळ्यात वरच्या छपराला हेच चार घेऊन पाचव्या पावलाला एक पूर्ण ब्लॉक आणि त्यावर स्टेअर, म्हणजे एकदम दोन ब्लॉकची उडी, आणि सहावं पाऊल म्हणजे आढं. सात ब्लॉक रुंदीच्या मजल्याला दोन्हीकडे दोन-दोन वळचण धरून अकरा होतात. पाच इकडून, पाच तिकडून आणि मधला एक आढ्याला. हिशोब बरोबर बसतो.

चारही कोपऱ्यांवर वळचणीचा शेवटचा स्लॅब अर्धा ब्लॉक वर उचला, फक्त कोपऱ्याचा, जास्त नको. दोन-तीन ब्लॉक वर वळवलेली टोकं दिसायला उठावदार असतात, पण त्याने किल्ला जपानी न वाटता चिनी देवळासारखा वाटू लागतो. वळचणीखाली मोकळं सोडू नका. खालच्या बाजूने स्प्रूसचे ट्रॅपडोअर किंवा पांढरे स्लॅब लावले की वाशांचा भास होतो, आणि खालून वर बघणाऱ्याला हाच भाग सगळ्यात जवळून दिसतो.

छपरासाठी डीपस्लेट टाइल्स मला सगळ्यात जवळच्या वाटतात. करडी कौलं, आणि कौलांच्या सांध्यांतला पांढरा चुना. हिमेजीत हा चुना इतका आहे की छप्परच लांबून पांढुरकं दिसतं. तो आणायचा असेल तर आढ्यावर आणि कोपऱ्यांच्या कडांवर कॅल्साइटची एकच ओळ द्या. संपूर्ण पाख्यावर पट्टे ओढायचा मोह मलाही झाला होता, झेब्रा दिसतो.

आता छपरावरचे त्रिकोण. चिदोरी-हाफू म्हणजे पाख्यातून पुढे आलेलं त्रिकोणी तोंड, आणि कारा-हाफू म्हणजे धनुष्यासारखं वळणदार तोंड. यांनीच मनोऱ्याच्या सरळ रेषा मोडतात. पहिल्या छपराच्या लांब बाजूला मधोमध एक चिदोरी, दुसऱ्या छपराच्या आखूड बाजूला एक, आणि कारा-हाफू अख्ख्या मनोऱ्यावर एकदाच, दर्शनी बाजूला. दर मजल्यावर, त्याच जागी, त्याच मापाचा त्रिकोण बसवलात तर पुन्हा डब्यांची रास.

एक गंमत इथे तुमच्या उपयोगाची आहे. हिमेजीचा मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो, पण आत सहा मजले आणि खाली तळघर आहे. छपरं मोजून मजले कळत नाहीत. तुमच्याकडे पहिल्या मजल्याची भिंत चार ब्लॉक आणि छपराची चढण तीन, म्हणजे आतून सात ब्लॉक उंची. तीन ब्लॉक मोकळे, एक ब्लॉक तक्तपोशी, वर पुन्हा तीन मोकळे. छपराच्या पोटात एक बिनखिडकीचा मजला मिळाला. सगळ्या पेट्या तिथे लावा. खेळाच्या १.१८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, खेळातले राक्षस फक्त पूर्ण अंधारात जन्मतात, तेव्हा दर दहा-बारा ब्लॉकवर एक कंदील पुरतो.

रंगाचं थोडक्यात सांगते. पांढरा हवा असेल तर हिमेजी समोर ठेवा, काळा हवा असेल तर मात्सुमोतो किंवा ओकायामा. काळ्या किल्ल्यांत भिंतीचा खालचा भाग काळपट फळ्यांचा आणि वरची पट्टी पांढऱ्या गिलाव्याची असते, आणि ही जोडी ब्लॉकांत फार छान उतरते: खाली डार्क ओक, वर पांढरं काँक्रीट. लाल खांब नकोत, ते देवळांचे. भिंतीतल्या जंग्यांसाठी (मारा करायच्या भोकांसाठी) पांढऱ्या काँक्रीटवर दगडी बटणं लावा. हिमेजीत त्या गोल, त्रिकोणी, चौकोनी अशा वेगवेगळ्या आकारांच्या आहेत. बटण लहान असल्यामुळे लांबून भिंतीत भोक असल्यासारखंच वाटतं.

आढ्याच्या दोन टोकांना शाचिहोको असतात, वाघाचं तोंड आणि माशाचं शरीर असलेला कल्पित जलचर. तो पाऊस आणतो आणि आगीपासून वास्तू राखतो अशी समजूत आहे. नागोयाचे शाचिहोको सोन्याचे म्हणून प्रसिद्ध आहेत. लहान मनोऱ्यावर सोन्याचा आख्खा ब्लॉक डोळ्यांत खुपतो. मी उलटा स्टेअर आणि त्याच्या शेपटीच्या जागी लाइटनिंग रॉड उभा लावते. खेळाच्या जावा आवृत्तीत तो १२८ ब्लॉकच्या त्रिज्येतली वीज स्वतःकडे ओढून घेतो. लाकूड आणि बांबूने भरलेल्या घरावर खरोखरच आगीचा राखणदार बसतो, त्यामुळे हा तपशील मला फार आवडतो.

आता वाडा. इथे मी रेंगाळणार आहे, कारण तुमचा बहुतेक वेळ इथेच जायचाय.

तातामी म्हणजे गवती चटई, साधारण १८२ सेंटिमीटर लांब आणि ९१ रुंद. एकास दोन. जपानी खोली मीटरमध्ये नाही, तातामीच्या संख्येत मोजतात. आणि खेळातल्या ब्लॉकशी हे माप इतकं जुळतं की मुद्दाम केल्यासारखं वाटतं: एक तातामी म्हणजे दोन ब्लॉक. सहा तातामींची खोली चार बाय तीन ब्लॉक. आठ तातामींची चार बाय चार. चहाच्या समारंभाची साडेचार तातामींची खोली तीन बाय तीन, चार पूर्ण चटया भोवती फिरवून मध्ये अर्धी. नऊ ब्लॉक, एकही कमी-जास्त नाही. लोक जपानी घरात वीस बाय वीसचा दिवाणखाना काढतात आणि मग तो भरत नाही म्हणून सामान कोंबतात. खोली लहान ठेवा. चार बाय चारच्या दोन खोल्या शेजारी ठेवून मध्ये सरकती दारं समजा. ती उघडी ठेवली की आठ बाय चारची बैठक मिळते.

चटईसाठी साल काढलेला बांबूचा ब्लॉक घ्या. २०२३ च्या १.२० आवृत्तीपासून तो खेळात आहे. आडवा ठेवला की त्याच्या पट्ट्या उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम फिरवता येतात, त्यामुळे दोन ब्लॉकची एक चटई, शेजारची तिच्या काटकोनात, असं विणता येतं. चार चटयांचे कोपरे एका बिंदूत येऊ देऊ नका. तशी मांडणी तिकडे शोकाच्या प्रसंगी करतात, रोजच्या घरात टाळतात. बघणाऱ्याला कारण ठाऊक नसलं तरी बरोबर मांडलेली जमीन अधिक शांत वाटते, हे मी अनेकदा अनुभवलंय.

भिंती चार ब्लॉक उंच नकोत, आतून तीन पुरेत. जपानी खोलीत माणूस जमिनीवर बसतो, म्हणून सगळं खाली असतं: दिवा गुडघ्याच्या उंचीला, पाट एका स्लॅबचा, खिडकी जमिनीलगत. खोलीच्या एका टोकाला तोकोनोमा, म्हणजे जमिनीपासून अर्धा ब्लॉक उचललेला एक मोठा कोनाडा. त्यात एक बॅनर लोंबता आणि एक कुंडी, बाकी काही नाही. पाहुण्यांच्या दालनात मालकाची बसायची जागा उरलेल्या जमिनीपेक्षा एक पायरी वर असते. तिथे जमिनीवर एक स्लॅब टाकला की अर्ध्या ब्लॉकचा फरक पडतो, तेवढाच हवा.

निजो किल्ल्यातला निनोमारू वाडा या सगळ्याचा नमुना म्हणून पाहा. सहा इमारती, ३३ खोल्या, ८०० पेक्षा जास्त तातामी. आणि त्या इमारती एका ओळीत नाहीत, उडणाऱ्या हंसांच्या रांगेसारख्या तिरक्या, प्रत्येक इमारत आधीच्या इमारतीच्या एका खांद्याला जोडलेली. त्यामुळे प्रत्येकीला दोन-तीन बाजूंनी बाग मिळते, आणि पाहुणा किती आत गेला यावरून त्याचा मान कळतो. तुम्हाला तीन इमारती पुरतील, प्रत्येकी साधारण १३ बाय ९: पहिली येणाऱ्या-जाणाऱ्यांची, दुसरी स्वयंपाकाची आणि कामाची, तिसरी तुमची. कामाच्या इमारतीत जमिनीत खड्डा करून कॅम्पफायर ठेवा, ती शेजारचं लाकूड पेटवत नाही. नेदररॅकवरची (पेटवला की जळतच राहणारा दगड) उघडी आग मात्र घरात नको.

निजोत कोकीळ-जमीनही आहे. तिकडे पक्षी उगुइसू, इंग्रजीत त्या जमिनीला नाइटिंगेल फ्लोअर म्हणतात, पण आपल्या कानाला कोकीळच जवळची. फळ्यांखालच्या लोखंडी पकडी खिळ्यांवर घासतात आणि चालताना चिवचिव होते. खेळात हे जमतं. सिल्क टच लावलेल्या (ब्लॉक न मोडता उचलणाऱ्या) हत्याराने स्कल्क सेन्सर, म्हणजे चाहूल ओळखणारा ब्लॉक, काढून आणा, तो बोळाच्या जमिनीखाली ठेवा, आणि त्यातून निघणारा रेडस्टोनचा (खेळातल्या विजेचा) संदेश नोट ब्लॉकला, म्हणजे सूर वाजवणाऱ्या ब्लॉकला द्या. नोट ब्लॉकच्या खाली मातीचा क्ले ब्लॉक ठेवला की बासरीचा सूर येतो. वर एक ब्लॉक मोकळा ठेवा, नाहीतर तो वाजत नाही. आणि नोट ब्लॉक व सेन्सर यांच्यामध्ये लोकरीचा ब्लॉक हवाच. नाहीतर बासरी ऐकून सेन्सर पुन्हा जागा होतो आणि आवाज थांबतच नाही. दबकत चालणारा मात्र यातून सुटतो.

दरवाज्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण आपल्या मंडळींना ती पटकन कळते. रायगडाचा महादरवाजा समोरून दिसत नाही, बुरुजांच्या कवेत वळून जावं लागतं. जपानी किल्ल्यांत याच कामासाठी मासुगाता असतो: बाहेरचा लहान दरवाजा, आत चौकोनी बंदिस्त अंगण, आणि काटकोनात वळल्यावर दुसरा, वर खोली असलेला मोठा दरवाजा. तुमच्या जागेत नऊ बाय नऊचं अंगण पुरेल. लढाई होणार नसली तरी ते ठेवा. बाहेरून येताना मनोरा दिसतो, अंगणात शिरताच भिंतींआड जातो, आणि दुसऱ्या दरवाज्यातून बाहेर पडताच एकदम समोर, आधीपेक्षा मोठा उभा राहतो.

आता ही सगळी मांडणी ६० बाय ६० मध्ये बसवू. मनोरा वायव्य कोपऱ्यात. चौथरा २९ बाय २५ असल्यामुळे त्याचा मध्य उत्तरेच्या कडेपासून साधारण १३ ब्लॉकवर येतो. दरवाजा पूर्वेला. तिथून वाड्याच्या तीन इमारती तिरक्या रांगेत नैर्ऋत्येकडे सरकत जातील, आणि तुमची स्वतःची, तिसरी इमारत मनोऱ्याच्या बरोबर समोर, दक्षिणेला येईल. तिला उत्तरेकडे तोंड करून एक ओसरी काढा, जपानीत एनगावा. खऱ्या जगात उत्तरेची ओसरी अंधारी राहिली असती. खेळात सूर्य सरळ डोक्यावरून पूर्व-पश्चिम जातो, त्यामुळे चिंता नाही. जागा कमी पडत असेल तर शिकोकू बेटावरच्या कोचीच्या किल्ल्याकडे बघा, तिथे वाडा मनोऱ्याला चिकटून आहे आणि दोन्ही जुने, टिकून राहिलेले आहेत.

मधल्या जागेत बाग. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिलंय त्यांच्यापुढे अर्धं चित्र आधीच आहे. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. मूळ बाग १७०० मध्ये पूर्ण झाली आणि ती ओकायामाच्या काळ्या किल्ल्याला लागून, नदीच्या पलीकडे आहे. बागेतून चालताना झाडांच्या वर किल्ल्याचा मनोरा दिसत राहतो. बाहेरचं दृश्य उसनं घेऊन बागेचा भाग करायचा, याला शाक्केई म्हणतात. तुम्हाला नेमकं हेच हवंय. तळं, त्याच्या कडेने वळणारी पायवाट, एक-दोन छाटलेली पाइनसारखी झाडं. स्प्रूसचं वाकडं खोड आणि पानांचे सपाट पुंजके केले की काम होतं. चेरीची झाडं दोनच लावा. बहुतेक किल्ल्यांतल्या चेरीच्या दाट रांगा १८६८ नंतरच्या आहेत, त्याआधी मान पाइनचा होता. शिवाय मनोऱ्यासमोर गुलाबी गर्दी झाली की दगड दिसेनासा होतो, आणि दगडावर तुम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते.

शेवटचं माप ओसरीचं. ओसरीच्या जमिनीपासून वळचण तीन ब्लॉक वर असेल आणि तुम्ही तिच्या कडेपासून दोन ब्लॉक आत उभे असाल, तर नजर वळचणीखालून साधारण ३५ अंशच वर जाते. म्हणजे दर दहा ब्लॉक अंतरामागे सात ब्लॉक उंची दिसते. ओसरी आणि मनोऱ्याचा मध्य यांत ३१ ब्लॉक अंतर ठेवलं, तर नऊ ब्लॉकचा चौथरा आणि वरचा बावीस ब्लॉकचा मनोरा मिळून एकतीस ब्लॉक उंचीपैकी पंचविसेक ब्लॉक दिसतात, तिसऱ्या मजल्याच्या वळचणीपर्यंत. आढं आणि शाचिहोको छपराआड राहतात. एक पाऊल पुढे ओसरीच्या कडेला आलात की ते दिसतात. वाड्याचं छप्पर बांधण्याआधी हे तपासून घ्या: मातीचे चार ब्लॉक लावून तात्पुरती वळचण करा, तिच्याखाली उभे राहा, मनोऱ्याकडे बघा, आणि गरज वाटली तर अख्खी इमारत दोन-तीन ब्लॉक मागे सरकवा. माती काढायला एक मिनिट लागतं, कौलं काढायला अख्खी संध्याकाळ जाते.